अजून दोन प्रकरणं

गेल्या पावसाळ्यात धाराशिवला आत्याकडे गेलो होतो. तिनं कपाटातून जुन्या पातळात गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं आणि माझ्या हातात देत म्हणाली, "ह्याचा शेवट काय हाय तेवढं बघून सांग. मधलं मला ठावं हाय." पुस्तक इंग्रजी. मुखपृष्ठावर पिवळंधमक शेत, लांब एक पांढरं चर्च आणि पाठमोरी बाई, जिची टोपी वाऱ्यानं उडायचीच काय ती राहिली होती. आत्यानं तीस वर्षं बालवाडी चालवली. तिचं इंग्रजी सफरचंदापासून निघून झेब्र्यापाशी संपतं. तिला मधलं कसं ठाऊक, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण पडला नाही, कारण पुस्तक सरांचं होतं.

सर म्हणजे आत्याच्या भिंतीला भिंत लावून राहिलेले निवृत्त इंग्रजी शिक्षक. ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आत्या तर सत्ताविसाव्या वर्षीच एकटी पडली. ती त्यांना 'सर' म्हणायची, ते तिला 'बाई'. वीस वर्षांच्या शेजारात एकानं दुसऱ्याचं नाव घेतल्याचं मी ऐकलं नाही. शाळा सुटल्या तरी हजेरीपटाची शिस्त दोघांच्या जिभेवर राहिली होती.

पुस्तक सरांच्या मुलीनं परदेशातून पाठवलेलं. अमेरिकेत म्हणे अशा कादंबऱ्यांचं बारमाही पीक निघतं: एक विधवा, एक विधुर शेतकरी, दोघांच्या मध्ये बायबल, आणि चुंबन शेवटच्या पानावर, तेही पाळकानं परवानगी दिल्यावर. २०१९ च्या गणपतीत सरांनी ती गोष्ट ओट्यावर बसून आत्याला मराठीतून सांगायला घेतली. रोज संध्याकाळी एक प्रकरण, चहाबरोबर. दोन आठवड्यांत उरकावी एवढीच ती जाडीला होती. दसरा झाला, दिवाळी झाली, गोष्ट चालूच. मका म्हटलं की आत्याच्या डोळ्यांपुढे जनावरांचा चारा यायचा, म्हणून सरांनी मक्याची ज्वारी केली, तीही मालदांडी. आणि मार्गशीर्षातली अमावास्या आली तशी ती टोपीवाली बाई चक्क येळवस करायला शेतात गेली. कडब्याची कोप, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचं मडकं, सगळा सरंजाम. शेतकरी बांधावर येऊन उभा राहिलेला. ती त्याला आंबील देते की नाही, इथं सर थांबले.

"दिली का मग?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी सर भलत्याच प्रकरणात शिरले. विहिरीचं पाणी आटलं की ते असंच करायचे, शेजारच्या विहिरीवर जायचे. एकदा बायबलातली रूथ आली. नवरा गेल्यावर सासूला धरून परक्या गावी आलेली, बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागं सरवा वेचणारी. पुढं त्याच्याशीच लग्न झालेली. आत्याला मोठं अप्रूप वाटलं ते लग्नाचं नव्हे, सरव्याचं. "आमीबी जायचो की सरवा येचाया," ती म्हणाली, जणू बेथलेहेम तेरच्या पलीकडेच असावं.

मग बाबा पदमनजी आले. बेळगावचे, १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. त्यांचं 'यमुनापर्यटन' लगेच पुढच्या वर्षीचं, म्हणजे लेखक अवघा पंचवीस-सव्वीस वर्षांचा. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बरेच जण तिचंच नाव घेतात. तिच्यात यमुना विधवा होते, ख्रिस्ती होते आणि शेवटी तिचं पुन्हा लग्न होतं. सर हे जरा घरच्या अभिमानानं सांगत होते. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् ती कुटं हसली का त्याच्यात?" सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मेडोज टेलरची तीच गत. हा विधुर इंग्रज १८५३ पासून १८५७ पर्यंत आपल्या नळदुर्गात कारभार पाहत होता. मायदेशी परतल्यावर त्यानं 'तारा' लिहिली, १८६३ मध्ये. तुळजापूरच्या शास्त्र्याची बालविधवा मुलगी, आणि तिचं मन जडतं ते थेट अफझलखानाच्या मुलावर! भवानीच्या पायऱ्यांवरून एवढी मोठी उडी साहेबच मारू जाणे. आत्याचं मत: "मोटी मान्सं हायेत सगळी. कुनी धर्मासाटी लगीन लावतंय, कुनी गोष्टीसाटी. चा कोन करतंय दोगांचा, ते न्हाई कुटं."

जानेवारी २०२० मध्ये गावात त्र्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं. गावाचं सरकारी नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी आधी कुरकुर केली होती. सर नवा कोट घालून मांडवात गेले, आत्या दोन खुर्च्या सोडून बसली. "ते रोमन, आम्ही प्रोटेस्टंट," सर सांगत होते, पण टाळ्या मात्र सर्वांत शेवटी त्यांच्या थांबल्या. आत्याला एकच कोडं, लग्न न केलेला माणूस इतकं मायेनं कसं बोलतो.

मला दोघांचं एकच दृश्य लख्ख आठवतं, ते त्याच्याही आधीच्या एका पावसाळ्यातलं. नळदुर्गला गेलो होतो. बोरी नदीवरचा तो १६१३ चा आदिलशाही बंधारा भरून वाहत होता, आणि नर आणि मादी असे दोन्ही धबधबे शेजारी शेजारी कोसळत होते. चारशे वर्षांचा शेजार. एकमेकांना काही म्हणत असतील तर त्या गर्जनेत कुणाला ऐकू जाणार? बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात उतरलो. डोक्यावरून नदी चाललेली आणि आपण कोरडे. पायऱ्या शेवाळलेल्या म्हणून आत्यानं चपला काढल्या, सरांनी त्या हातात घेतल्या. तिनं सज्जातून हात बाहेर काढून पाण्याखाली धरला आणि लहान मुलीसारखी हसली. सर धबधबा बघत नव्हते. परतीच्या एसटीत तिकीट काढायला खिशात हात घालायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की चपला अजून आपल्याच हातात आहेत, आणि बाई अनवाणीच चालत आल्या आहेत. बाईंच्याही लक्षात तेव्हाच आलं असावं.

संमेलनाच्या पुढच्या वर्षी सर गेले. पुस्तक आत्याकडे राहिलं, पातळात.

तर मी ते उघडलं. पहिली चाळीसेक पानं हाताळून मऊ पडलेली. पुढची मात्र छापखान्यातून आल्यासारखी कोरी करकरीत, काही तर कडेला एकमेकांना चिकटलेली. नखानं हळूच सोडवत मी शेवटाकडे गेलो. पांढऱ्या चर्चमध्ये लग्न लागलं होतं, तीन मजली केक होता, आणि पाळकानं परवानगीही दिली होती. आंबील अर्थातच कुठं नव्हती.

बाहेर पाऊस धरला होता. आत्या ओट्यावर, सरांच्या बंद दाराकडे पाठ करून बसलेली.

"करत्यात का लगीन?"

"अजून दोन प्रकरणं हायत, आत्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदरानं ओट्यावरची माझ्यापुरती जागा पुसली आणि म्हणाली, "मग बस हितं. आधी हे सांग, तिनं आंबील दिली का त्याला?"