मोत्याला आत का घेत नाहीत

बारामती तालुक्यातल्या सांगवीच्या एखाद्या हौशी घराने आपल्या मोत्या कुत्र्याला गाडीत घालून दिवसभर राष्ट्रीय उद्यान बघायचं ठरवलं, तर पहिली अडचण मोत्याची नसते. पुणे जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यानच नाही. बारामती तालुक्याच्या वाट्याला आलंय ते सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य. 1997 साली जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. नीरा नदीच्या पाण्यावरचा ऊस मागे टाकून जिरायत पट्ट्यात शिरलं की खुरटं गवत, बाभळी आणि उघडा माळ सुरू होतो. पाहुण्यांना वाटतं, अभयारण्य अजून यायचंय. ते आलेलं असतं. इथला मानकरी चिंकारा. माळाच्याच कापडातून बेतल्यासारखा मातकट. माणसं दुर्बिणी लावून लांबवर बघत बसतात, आणि तो जवळच्या बाभळीआडून माणसं बघतो.

अशा ठिकाणी माणसाला प्रवेश आणि कुत्र्याला बंदी, यात माणसाचा बहुमान वगैरे काही नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटी. चिंकारा दिसला नाही तर माणूस पाटीजवळ उभा राहून फोटो काढतो, डबा उघडतो, ठेचा झकास झालाय म्हणतो आणि सहल पार पडली असं मानतो. मोत्याला ही तडजोड जमायची नाही. कळप कुठं आहे, मादीने पाडस कुठल्या गवतात दडवलंय, हे त्याला वाऱ्याच्या एका झुळकीत कळेल, आणि मग तो नुसतं बघून थांबणार नाही. अभयारण्यात घेतात ते निरुपद्रवी असणाऱ्याला. आपण त्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवून पास आहोत.

यावर घरचे म्हणतील, मोत्या साखळीला असेल, लसही टोचलेली आहे. पण साखळीने पाय आवरतात, वास नाही. आणि लसीचं कार्ड चिंकारा वाचत नाही, त्याच्या लेखी कुत्रा तो कुत्राच. रोगाची भीतीही पोकळ नाही. 2018 साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यातल्या कित्येकांत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला आणि बोट कुत्र्यांकडे गेलं. 1972च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्यापासून पाच किलोमीटरपर्यंतच्या पशुधनाला लस टोचण्याची तरतूद आहे. पशुधनाच्या व्याख्येत गाय, गाढव, उंट, बदक, इतकंच काय याकसुद्धा नावानिशी आहे. सुप्याच्या माळावर याक केव्हा उगवायचा तो उगवो. कुत्र्याचं नाव मात्र त्या यादीत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. गावोगावची मोकाट कुत्री परवानगी न मागता माळावर हिंडतातच, मग एका मोत्याने काय बिघडतं? बिघडतं ते असं, की या माळांवर लांडगेही आहेत आणि तिथल्या सोयरिकी कुणी पत्रिका बघून जमवत नाही. पुण्याच्या परिसरातल्या एका वेगळ्याच रंगाच्या प्राण्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचं जनुकीय तपासणीतून 2023 साली समोर आलं. मोकाट कुत्र्यांचा प्रश्न सुटला नाही म्हणून पाळीव कुत्र्याने त्यात हातभार लावावा, हा तर्क आधीच भरलेल्या एसटीच्या टपावर बसणाऱ्यालाच पटेल.

राहता राहिला धर्मराज. कुत्र्याला आत घेणार नसाल तर मला स्वर्ग नको, असं त्याने इंद्राला ठणकावलं होतं, हे श्वानप्रेमी हटकून सांगतात. मात्र तो कुत्रा पुढे साक्षात यमधर्म निघाला. मोत्या शेवटपर्यंत मोत्याच निघण्याचा धोका आहे. त्याला त्या दिवशी भाऊबंदांकडे ठेवावं. सकाळी नीरेच्या काठाने एक फेरी, उसाच्या बांधावर मुंगसाशी जुनं भांडण, दुपारी पडवीत झोप. त्याचं काही अडत नाही. अडतं ते घरच्यांचं, कारण चिंकारा दिसलाच नाही तर फोटोत निदान एखादा चार पायांचा प्राणी असावा, एवढीच त्यांची इच्छा असते.