मोहरी

डॉक्टरांनी आधी रिपोर्ट बघितला, मग माझं पोट बघितलं आणि म्हणाले, ‘‘काहीतरी मैदानी करा.’’

आम्ही बोरिवलीकर याबाबतीत गर्भश्रीमंत. दारातच नॅशनल पार्क, चांगलं 104 चौरस किलोमीटरचं. बिबटेसुद्धा तिथे सुखाने राहतात, तर माझं चार किलो वजन उतरायला काय हरकत होती? पहिल्याच रविवारी कान्हेरीला चालत निघालो. गेटपासून पाचसहा किलोमीटर, वर शेवटी चढ. तिथे शंभरावर लेणी आहेत. मी तिसऱ्या लेण्यातलं चैत्यगृह पाहिलं आणि बाकीच्यांवर विश्वास ठेवला. भिक्खूंनी कातळात जागोजाग पाण्याची टाकी का खोदली, हे मला पुस्तक न वाचता कळलं. परतताना एका माकडाने माझ्या हातातलं केळं घेतलं. हिसकावलं म्हणवत नाही. मी सोडूनच दिलं होतं.

मग हास्यक्लब. ही चीज मूळची उपनगरातलीच, डॉ. मदन कटारियांनी 1995 साली अंधेरीच्या एका बागेत मोजक्या माणसांना घेऊन सुरू केलेली. तिथे विनोदाशिवाय हसायचं असतं. विनोदी लिहिणाऱ्याचा याहून मोठा अपमान नाही. मी सवयीने एक विनोद सांगितला. सगळे एकदम गप्प झाले.

शेवटी टर्फ. सोसायटीतल्या पोरांना एक गडी कमी पडत होता. ‘‘काका, येता का? अकरा ते बारा, डोक्यामागे दोनशे.’’ अकरा म्हणजे रात्रीचे, हे मागाहून कळलं. हिरवं प्लॅस्टिकचं गवत, चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी. आमच्या वेळी चेंडू तळमजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत गेला की आऊट, आणि मारणाऱ्यानेच तो मागून आणायचा. इथे काकूच नाहीत. त्या धिटाईत मी बॅट फिरवली. चेंडू वरच्या जाळीला लागून माझ्याच डोक्यावर पडला. कुणी म्हणे सिक्स, कुणी म्हणे कॅच सुटला. भांडण मिटेपर्यंत दिवे गेले. स्लॉट संपला होता. मी नाबाद.

त्या गवतात रबराचे बारीक काळे दाणे पसरलेले असतात. जुन्या टायरांचे करतात म्हणे. ते बुटात, मोज्यात, पँटच्या दुमडीत बसून आमच्या घरी आले. मी अंधारात पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तेही माझ्याबरोबर आले.

सकाळी आईचा आवाज : ‘‘कुणी सांडली गं एवढी मोहरी?’’

आई अन्नाचा कण वाया जाऊ देत नाही आणि जवळचा चष्माही लावत नाही. तिने खाली बसून दाणान् दाणा वेचला, पाखडला आणि मिसळणाच्या डब्यात टाकला.

दुपारी आमटीची फोडणी. तेल तापलं, धूर निघाला, मोहरी काही तडतडेना. मग वास आला. घाट उतरताना ट्रकच्या मागून येतो, तसा.

‘‘वाणी बदल रे बाबा आता,’’ आई मला म्हणाली.

मी ‘बरं’ म्हटलं आणि खिडकी उघडली.