जन्मतारीख पाहून गणित नाकारणाऱ्या मुख्याध्यापकांस

राजा घाट, वाराणसी

मुख्याध्यापक महोदय,



या पत्रात तुमचे नाव नाही, शाळेचेही नाही. नाव घातले असते तर तुमच्यासारखे बाकीचे सुटले असते, आणि ते काशीत आहेत तसेच पुण्यात, नागपुरात, पणजीतही आहेत. ज्यांनी कुणी एखाद्या हुशार मुलाच्या अर्जावर त्याची वही न उघडता ‘वयात बसत नाही’ असा शेरा मारला असेल, त्या सगळ्यांनी हे पत्र आपल्यालाच आले आहे असे समजावे.

तुमच्यापुढे आलेला अर्ज लहान होता. माझी भाची पाचवीत आहे. सहावीचे गणित तिने घरी करून टाकले आणि सातवीचे पुस्तक उघडले. वर्गात ती पहिल्या दहा मिनिटांत गणिते सोडवते आणि उरलेला तास गप्प बसून काढते. तिच्या आईने एवढेच मागितले होते, की गणिताच्या तासापुरते तिला सातवीत बसू द्यावे. बाकीचे तास, डबा, खेळ, सहल सगळे पाचवीतच राहू दे. तुम्ही तिला एक प्रश्न विचारला नाहीत. वर्गशिक्षिकेचे मत मागवले नाहीत. जन्माचा दाखला पाहिलात आणि अर्ज परत केलात. नकार दिलात हा तुमचा गुन्हा नव्हे. तपासून दिलेला नकार आम्ही मुकाट्याने मान्य केला असता. न तपासता नकार दिलात, हा तुमचा गुन्हा आहे.

आणि तो तुम्ही काशीत केलात, म्हणून मला जास्त लागला. मी राजा घाटाच्या वरच्या गल्लीत राहते. १८०३ नंतर इंग्रजांचे पेन्शन घेऊन उत्तरेत स्थायिक झालेल्या अमृतराव पेशव्यांचा हा घाट. पूर्वी याला अमृतराव घाटच म्हणत. पेशव्यांच्या आधीपासून आणि नंतरही मराठी माणूस या शहरात मुख्यतः दोन कामांसाठी आला, एक मरायला आणि दुसरे शिकायला. शिकायला आलेल्याला इथल्या गुरूने संथा दिली, आणि मागची मुखोद्गत झाली की पुढची दिली. एकाला सहा महिने लागत, दुसऱ्याला दोन वर्षे; दोघेही त्याच ओसरीवर बसत. या पाठशाळांची दारे मुलींना आणि बहुसंख्य जातींना बंद होती, हा त्यांचा मोठा दोष, आणि त्याचे समर्थन मी कधीही करणार नाही. पण आत आलेल्या मुलाला पुढे कधी न्यायचे, हे त्याला काय येते यावरून ठरत असे. २०२५ च्या अखेरीस अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या तरुणाने याच शहरात शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण ५० दिवसांत पूर्ण केले, सुमारे २,००० मंत्रांचे. देशभर त्याचे कौतुक झाले. मंत्र ज्या वेगाने पाठ होतील त्या वेगाने पुढे जाऊ देणारी व्यवस्था त्याच्या पाठीशी होती, म्हणून तो तिथे पोहोचला.

तुम्हाला गणितातलेच उदाहरण हवे असेल तर बापूदेव शास्त्री घ्या. जन्म १८२१, गोदावरीकाठच्या टोके गावचा. शिक्षण नागपुरात, तिथेच भास्कराचार्यांचे गणित त्यांनी आत्मसात केले. सिहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन नावाचा इंग्रज पोलिटिकल एजंट होता. त्याने या मुलाची गणितातली गती पारखली आणि १८३८ च्या सुमारास त्याला सिहोरच्या पाठशाळेत नेले, सिद्धान्त ग्रंथ शिकायला. मुलगा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. पुढे तीन-चार वर्षांत, विशीच्या उंबरठ्यावर, तोच मुलगा जोनाथन डंकनने १७९१ मध्ये स्थापन केलेल्या बनारसच्या संस्कृत पाठशाळेत शिकवू लागला. पुढे सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर केले, महामहोपाध्याय झाला. विल्किन्सनने काय केले? समोरच्या मुलाला प्रश्न विचारले आणि उत्तरे ऐकली. तेवढेच तुम्ही करायचे होते.

आता याच शहरातले दुसरे मराठी घर पाहा, कारण ते तुमच्या बाजूचे वाटेल. विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ साली केंब्रिजहून बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख म्हणून आले, तेव्हा ते चोविशीत होते. मदनमोहन मालवीयांनी त्यांचे वय पाहून त्यांना चार वर्षे थांबवले नाही. त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर मात्र शाळेतून इयत्ता गाळत पुढे गेले नाहीत. १९३८ चा जन्म, १९५७ साली बनारसमधून बी.एस्सी.; म्हणजे जवळपास सर्वसाधारण वयातच. तुम्ही म्हणाल, पाहा, नेहमीच्या वाटेने जाऊनही माणूस नारळीकर होतो. होतो. पण त्या घरात मोरूमामा होते. मोरेश्वर हुजूरबाजार घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी गणिताचे एखादे आव्हान लिहून ठेवत, आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. वडील गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार, मामा गणिती. शाळेत जे मिळत नव्हते ते घरात सकाळ-संध्याकाळ मिळत होते.

महोदय, माझा खरा मुद्दा इथे आहे. ज्याच्या घरी मोरूमामा आहे, त्याला तुमच्या नकाराने फार बिघडत नाही. घाटावर नाव चालवणाऱ्याच्या मुलीला, गल्लीत चहाची टपरी लावणाऱ्याच्या मुलाला घरी फळा नाही, मामा नाही, वरच्या इयत्तेचे पुस्तकही नाही. त्याची बुद्धी ओळखू शकेल असा माणूस त्याला एकाच ठिकाणी भेटू शकतो, तुमच्या शाळेत. वयावर बोट ठेवून तुम्ही समानता पाळता असे तुम्हाला वाटते. प्रत्यक्षात तुम्ही सुस्थितीतल्या हुशार मुलाला घरी वाढू देता आणि गरीब हुशार मुलाला वर्गात विझू देता. पुढच्या वर्गाचा निर्णय शाळेने घ्यायला हवा तो या मुलांसाठी.

तुम्ही कायद्याचा आधार घेतलात. शिक्षण हक्क कायदा २००९, वयानुरूप वर्ग. कलम ४ मीही वाचले आहे. ते शाळेत कधीच न आलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलासाठी आहे. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत सहा वर्षांच्या मुलांबरोबर बसण्याची लाज वाटू नये, त्याला वयाला शोभणारा वर्ग आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळावे, यासाठी ते लिहिले गेले. वंचित मुलाच्या रक्षणासाठी केलेली तरतूद तुम्ही दुसऱ्या मुलाला अडवायला वापरलीत. त्याच कायद्याचे कलम १४ सांगते, की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. ज्या कायद्याने जन्माच्या दाखल्याची सक्ती सैल केली, त्याच्याच नावाने तुम्ही तो दाखला सर्वांत मोठा केलात. आणि एका विषयाच्या तासाला मुलीला शेजारच्या वर्गात बसवणे हा शाळेच्या वेळापत्रकाचा प्रश्न आहे. त्यासाठी बोर्डाची परवानगी लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष कल असलेल्या मुलांना पूरक साहित्य द्यावे, मंडळे आणि ऑलिंपियाड चालवावीत, बी.एड. मध्ये या मुलांच्या शिक्षणाचे प्रशिक्षण असावे, असे म्हटले आहे. मुलाला वरच्या वर्गात केव्हा आणि कसे न्यावे, याची पद्धत त्यात घालून दिलेली नाही. ही पोकळी आहे, आणि ती भरण्याचे काम तुमच्यासारख्या अनुभवी माणसांचे होते. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती सरकारी आदेशाची वाट पाहून नव्हे. मुलांची बुद्धी शास्त्रीय चाचण्यांनी ओळखावी आणि तिला समाजाच्या कामी लावावे, हा विचार त्यांनी आधी केला आणि संस्था नंतर उभी केली.

निर्णय कसा घ्यायचा हे जगात कुणाला ठाऊक नाही अशातलाही भाग नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी यासाठी एक मोजपट्टी तयार केली आहे, ती शाळा वर्षानुवर्षे वापरतात. तीत बुद्धीची चाचणी असते, तशी वरच्या इयत्तेच्या अभ्यासाची परीक्षाही असते. हजेरी, मुलाची शारीरिक वाढ, इतर मुलांशी वागणे, शिक्षकांची तयारी हेही पाहिले जाते. मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर पुढे ढकलू नये, आणि भावंड त्याच वर्गात असेल तर नेऊ नये, असे ती स्पष्ट सांगते. २००४ मध्ये तिथल्याच अभ्यासकांनी पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. योग्य निवड झालेली मुले वरच्या वर्गात अभ्यासात टिकतात आणि मनाने खचत नाहीत, हा त्याचा निष्कर्ष होता. पुढे नेण्याचे अठरा प्रकार त्यात नोंदले आहेत. अख्खी इयत्ता गाळणे हा त्यातला फक्त एक. आम्ही मागितला होता तो सर्वांत सौम्य प्रकारांपैकी होता. ऑस्ट्रेलियाचा टेरेन्स ताओ लहानपणी वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळ्या इयत्तांत बसत असे. त्याला २००६ मध्ये गणितातले फील्ड्‌स पदक मिळाले.

तुमच्या शंका मला ठाऊक आहेत, आणि त्यातल्या काही खऱ्या आहेत. पालक हट्टी असतात. शेजाऱ्याच्या मुलापेक्षा आपला वर्षभर पुढे असावा म्हणून मुलाला रात्री जागवणारे आईबाप मी पाहिले आहेत. म्हणूनच निर्णय पालकांच्या अर्जावर नको आणि तुमच्या शेऱ्यावरही नको. तो चाचणीवर हवा. लहान वयात पदव्या मिळवणाऱ्या मुलांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात, त्या विक्रमांचा मला मोह नाही. वयाचा विक्रम हे शिक्षणाचे ध्येय होऊच शकत नाही. ‘बाकीचे पालकही मागतील’ असे तुम्ही म्हणालात. मागू देत. ज्यांना येते ते चाचणीत उतरतील, ज्यांना येत नाही ते उतरणार नाहीत, आणि दोघांनाही कारण लेखी मिळेल.

नकाराची किंमत कोण मोजते हेही सांगते. मुंबईच्या मालविका जोशीने सातवीनंतर शाळा सोडली आणि घरी शिकून आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये भारतासाठी दोन रौप्य आणि एक कांस्य पदक आणले. बारावीचे प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचे दार तिला बंद होते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने मात्र तिचे ज्ञान पदवीच्या तोडीचे आहे हे ओळखून तिला थेट एम.एस्सी.च्या पातळीवर घेतले, आणि २०१६ मध्ये, १७ व्या वर्षी, अमेरिकेतल्या एमआयटीने तिला शिष्यवृत्ती देऊन बोलावले. ती मुलगी गेली. तिच्यासाठी नियमात जागा शोधायला तयार असलेल्या संस्था कमी पडल्या.

मागणी एवढीच आहे. मुलीपुढे वरच्या इयत्तेची वार्षिक प्रश्नपत्रिका ठेवा आणि ती तुमच्या शिक्षकांना तपासू द्या. कुठले घटक कच्चे आहेत ते लिहून काढा. आधी एका विषयापासून सुरुवात करा, तीही सत्राच्या आरंभी. ज्या वर्गात ती जाणार त्या वर्गाच्या शिक्षकांना आधी विश्वासात घ्या. मुलीला एकटीला बसवून विचारा की तिला जायचे आहे का. सहा-आठ आठवडे पाहा. जमले नाही तर तिला परत पाचवीच्या तासाला बसवा आणि त्यात कमीपणा नाही हे साऱ्या वर्गाला दिसेल असे वागा. जो निर्णय होईल तो कारणांसह लिहून द्या. याला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही, शासनाचा आदेश लागत नाही. शिक्षकाचे काही तास लागतात आणि प्रमुखाची इच्छा लागते.

तुमच्या खुर्चीला मुलाचे एक वर्ष वाया घालवण्याचा अधिकार नाही. दहा वर्षांच्या मुलीचे एक वर्ष म्हणजे तिच्या आयुष्याचा दहावा हिस्सा, आणि तो तुम्ही एका शेऱ्यात खर्ची टाकलात.

हे वाचणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना विनंती आहे. तुमच्या वर्गात तास संपण्याआधी गणिते संपवून खिडकीबाहेर पाहणारे मूल असेल, तर त्याला गप्प बसवू नका. वरच्या इयत्तेचा पेपर द्या, त्याचे गुण लिहून ठेवा आणि ते गुण घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. शेरा मारून परत पाठवले तर कारण लेखी मागा. आणि मुख्याध्यापक महोदय, तुमच्याकडे अर्ज पुन्हा येत आहे. या वेळी आधी तिची वही उघडा.

कळावे,

पाचवीतल्या एका मुलीची मावशी