पुरणाचा टेनिस एल्बो

२००४ साली सचिन तेंडुलकरचं कोपर दुखायला लागलं आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटी त्याला खेळता आल्या नाहीत. टेनिस एल्बो हे दुखणं महाराष्ट्राच्या घराघरात पोचलं ते तेव्हा. क्रिकेटवाल्याला टेनिसचा आजार कसा झाला, यावर आमच्या ऑफिसात डबे खाताना वाद चालत. बॅट जड, म्हणून कोपर गेलं, असा माझा निकाल होता. पुढच्या वर्षी लंडनला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, ती जणू मला विचारूनच झाली अशा थाटात मी त्याबद्दल बोलायचो.

तेच दुखणं इतक्या वर्षांनी माझ्या उजव्या कोपरात आलं, तेव्हा कळ जरा मागाहून जाणवली. आधी छाती फुगली.

होळीला ताई आणि भाऊजी आमच्याकडे होते. दोन किलो हरभऱ्याची डाळ शिजली होती. भाऊजी रोज पहाटे बॅडमिंटन खेळतात आणि ही गोष्ट कुणाला विसरू देत नाहीत. ते बाह्या सरसावताहेत असं दिसताच मी झडप घालून पुरणयंत्राचा दांडा पकडला. पुरण गरम असेतो जाळीतून भराभर उतरतं. निवलं की घट्ट होतं आणि दांडा हलायला तयार होत नाही. माझं पुरण निवलं, कारण मधेमधे हात थांबवून मी पूर्वीच्या माणसांच्या ताकदीवर बोलत होतो.

"अहो, परत गरम करून देऊ का?" हिने विचारलं.

भाऊजी बघत होते. मी दातओठ खाऊन दांडा फिरवत राहिलो.

पोळ्या मऊसूत झाल्या. मग हळूहळू कोपराच्या बाहेरच्या हाडाशी ठणका सुरू झाला. चहाचा कप उचलवेना, पंचा पिळवेना, कुणी हात मिळवायला पुढे केला की मी नमस्कार करायचो. टीव्हीचा रिमोट मात्र बिनबोभाट उचलला जाई, ही नोंद घरात घेतली गेली. शेजारच्या काकूंनी निर्गुडीचा पाला पाठवला, ताईने फोनवरून आंबेहळदीचा लेप सांगितला. एका मालिशवाल्याने तर 'नस मोकळी करतो' म्हणून असा काही अंगठा दाबला, की मीच तिथून मोकळा झालो.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. आमच्या मुलीच्या वयाची होती. कोपर सरळ ठेवायला लावून तिने माझं मधलं बोट वरून दाबलं आणि म्हणाली, "काका, आता हे वर उचला." बोट उचललं गेलं नाही, आवाज मात्र बाहेरच्या रांगेपर्यंत गेला.

"टेनिस एल्बो. कुठला खेळ खेळता?"

"तसं पूर्वी बरंच..." मी सुरुवात केली.

"पुरण," ही म्हणाली.

त्या मुलीने न हसता कागदावर 'पुरणयंत्र' असं लिहिलं. मग समजावलं, की हे दुखणं असलेल्या बहुतेकांनी रॅकेट हातात धरलेली नसते. वय चाळिशी-पन्नाशीचं, हातात पाना, करवत नाहीतर लाटणं. मूठ आवळली की मनगट सरळ ठेवायचं काम हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू करतात आणि त्यांचा सगळा ताण कोपराच्या बाहेरच्या हाडाला धरून असलेल्या कंडरेवर येतो. वर्षानुवर्षं आपण या दुखण्याला सूज म्हणत आलो. पण नर्शल आणि पेट्रोन या अमेरिकन डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्याचा लेख १९७९ साली आला. सूज अशी फारशी नव्हतीच. रहाटाच्या जुन्या दोरासारखे धागे विसकटलेले होते.

"पण मी तीस वर्षं ते यंत्र फिरवतेय," ही म्हणाली. "मला कसा नाही झाला?"

"काकू, तुमच्या हाताला सवय आहे. कंडरा हळूहळू भार पेलायला शिकते. कधीच काम न केलेल्या हातावर एकदम भार पडला, की असं होतं."

'कधीच काम न केलेल्या' हे शब्द हिने दवाखान्यातून घरापर्यंत जपून आणले.

मी इंजेक्शनचं विचारून पाहिलं. त्यावर तिने ब्रिस्बेनच्या १९८ रुग्णांची हकिकत ऐकवली. २००६ साली तो अभ्यास छापून आला. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेले सहा आठवड्यांत सगळ्यांच्या पुढे होते, पण त्या बऱ्या झालेल्यांपैकी ७२ टक्क्यांचं दुखणं पुढे उलटलं. वर्षअखेर ज्यांनी नुसती वाट पाहिली तेही त्यांच्यापेक्षा बरे होते.

नुसती वाट पाहणे! असा आजार मी जन्मभर शोधत होतो. मी हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "पण व्यायाम करणाऱ्यांना लवकर आराम पडला." काही माणसांना वाक्य कुठे संपवावं ते कळत नाही.

तर आता रोज संध्याकाळी मी टेबलाच्या कडेवर हात टेकून बसतो. तळवा खाली, मुठीत तूरडाळीचं अर्ध्या किलोचं पाकीट. डाव्या हाताने मनगट वर उचलून द्यायचं आणि उजव्याने ते सावकाश खाली सोडायचं. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी वाढलं तर वजन कमी करायचं. कामं करताना कोपराखाली पट्टा बांधायचा आणि पिशवी उचलताना तळवा वर ठेवायचा. पहिल्याच आठवड्यात पाकीट फुटलं आणि डाळ सोफ्याखाली गेली. वाकून ती वेचण्याचा व्यायाम कुठल्याच कागदावर लिहिलेला नव्हता.

परवा भाऊजींचा फोन आला. आवाज पडलेला. कोपर दुखतंय म्हणाले, बॅडमिंटन बंद आहे. मला त्यांचं वाईट वाटलं, पण ते वाटायला थोडा वेळ लागला. मग मी शांतपणे त्यांना मधलं बोट उचलायला लावलं, कंडरा समजावली, ब्रिस्बेनला नेऊन आणलं आणि डाळीचं पाकीट घ्यायला सांगितलं.

"कुठली डाळ?" त्यांनी विचारलं.

"तूर," मी म्हणालो. "हरभऱ्याची घरात दिसली, की ताई पुरण घालेल."