स्थळ बघणारा

फोनवर तो म्हणाला, "काका, उद्या बघायला येतो." आमचं मंगल कार्यालय. सवयीनं विचारलं, "मुलाकडचे की मुलीकडचे?"

"वायफायकडचा."

हा प्राणी हल्ली सगळीकडे दिसतो. पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र, हातात लेझरनं अंतर मोजायचं यंत्र. चहापोह्यांच्या कार्यक्रमातून हद्दपार झालेला चौकसपणा यानं एकट्यानं जपून ठेवलाय. इमारतीचं वय काय, उंची किती, छत खरं की पीओपीचं? पत्रिकेच्या जागी नकाशा मागतो. आमचा नकाशा मंजूर झाला होता, त्यापलीकडे त्याचा इमारतीशी संबंध नाही. "इथे खिडकी दाखवलीय." होती, बुजवली. "आणि हा जिना?" ठरला होता, पैसे संपले.

मग टकटक सुरू. बोटाच्या पेरानं भिंती वाजवत तो पुढे, किल्ल्यांचा जुडगा घेऊन मी मागे.

"ही भिंत कशाची?"

"भाऊबंदकीची."

वाटणीच्या वेळी आजोबांनी दोन फूट जाडीची, काळ्या दगडाची घातलेली; पलीकडचा खोकलासुद्धा ऐकू येऊ नये म्हणून. त्यानं वहीत लिहिलं, 'सिग्नल मरणार.' वधूपक्षाच्या खोलीतल्या सहा फुटी आरशापाशी तो हळहळला. काचेचं काही नसतं म्हणे, मागचा धातूचा लेप लहरी परत फेकतो. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह तर वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात लुडबुडतो. हे सांगताना त्याचा चेहरा नवऱ्या मुलाचं आधीचं लग्न उघडकीला आल्यासारखा.

"शेजारी कसे आहेत?" त्यानं विचारलं. मी अर्धा तास सांगितलं. त्याला त्यांचे राउटर हवे होते. त्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारी बसलेत तीनवर. "म्हणजे एकवाल्यालाही त्रास, सहावाल्यालाही," तो म्हणाला. मी तरी अर्धा तास दुसरं काय सांगत होतो?

केबलवरूनही मी तोंडघशी पडलो. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच ओढायची असते. आमचा हॉल ४० मीटर, म्हणून मी निर्धास्त. "काका, कावळा उडतो तसं नाही, उंदीर जातो तसं मोजायचं." उंदीर जातो माळ्यावरून. माळ्याची किल्ली जुडग्यात नव्हती.

एवढ्यावर सुटका होईल असं वाटलं, तर म्हणतो, रिकामा हॉल मोजून भागत नाही. माणूस म्हणजे पाण्याचं पिंप, लहरी पितो. पाचशे पिंपं भरलेली असताना बघायला हवं, शिवाय अंतरपाट दूर होताच सगळे एकदम फोटो पाठवतात ते वेगळंच. म्हणून हा मुहूर्तावर हजर. तिपाईवर उंच काठी, टोकाला पांढरा डबा. लॅपटॉप हातावर तोलत तो वऱ्हाडातून एकेक पाऊल मोजत फिरत होता. एका आजीबाईंनी काठीला हळदकुंकू वाहिलं. त्यानं नमस्कार केला आणि आकडा टिपून घेतला. मग पहिल्याच पंगतीला बसला. मठ्ठा दोनदा मागून घेतला.

अहवाल रंगीत आला. हिरवं म्हणजे उत्तम, लाल म्हणजे नन्नाचा पाढा. आकडे सगळे उणे. उणे ६७ चांगलं, उणे ८५ टाकाऊ. आमचा ताळेबंदही असाच वाचावा लागतो, त्यामुळे तेवढं लगेच कळलं. स्टेजवर लाल. भांडी घासायच्या मोरीत मात्र गर्द हिरवं.

तुमच्याकडे हा आला, तर शिडी काढून ठेवा, जेवायला थांबवा आणि माळ्याची किल्ली आधी शोधा. आमची अजून सापडलेली नाही.