नानांची रात्रपाळी

नाना बँकेतून निवृत्त झाले आणि मग त्यांना रात्रपाळी लागली. रात्री अकराला घरातले दोन लॅपटॉप आणि एक म्हातारा डेस्कटॉप आपापल्या फायली टीव्हीखालच्या कपाटातल्या काळ्या डब्यात उतरवायला लागतात. नाना चष्मा कपाळावर चढवून त्या डब्याचे हिरवे दिवे मोजत बसतात. जाणकार या डब्याला ‘नॅस’ म्हणतात. आत दोन हार्डडिस्क असतात, आणि घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला राऊटरमार्फत त्यांच्यावर लिहिता येतं. माई त्याला ‘घुरघुर्‍या’ म्हणतात. त्या कपाटात पूर्वी दिवाळीचा चांगला कपबशांचा सेट असायचा, हेही त्या आल्यागेल्याला सांगतात.

नाना म्हणजे कुणी एकटे गृहस्थ नव्हेत. कोथरूड, ठाणे, डोंबिवली, कुठल्याही बर्‍यापैकी सोसायटीत जा, एखादे नाना भेटतातच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, उमेदीची वर्षं बँकेत, वीज मंडळात नाहीतर टेलिफोन खात्यात गेलेली. रुपयाचा फरक सापडेपर्यंत शाखा न सोडलेला हा माणूस. ३१ मार्चला जगभर ‘वर्ल्ड बॅकअप डे’ पाळतात हे कळल्यावर नानांना जराही नवल वाटलं नाही. त्या तारखेला त्यांना तशीही झोप लागत नाही.

लग्नात ते लगेच ओळखू येतात. बुफेच्या रांगेत पुढच्याला विचारतात, “तुमचा बॅकअप कुठे असतो?” पुढचा बिचारा जिलबीकडे डोळे लावून म्हणतो, “असेल की गुगलवर.” मग त्याची सुटका नाही. तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर हव्यात आणि एक घराबाहेर हवी, हे पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने प्रचारात आणलेलं सूत्र त्याला मठ्ठा संपेपर्यंत ऐकावं लागतं.

खरं सांगायचं तर बॅकअप बिनबोभाट झाला की नानांना करमत नाही. त्यांचा खरा आनंद ‘बॅकअप फेल’ या लाल अक्षरांत आहे. ती दिसली की ते ताठ बसतात, पेन काढतात आणि रेघांच्या वहीत तारीख, वेळ आणि एरर नंबर टिपून घेतात. संशयितांची यादी तयारच असते. पहिला राऊटर. दुपारी दिवे जाऊन आले की राऊटर डब्याला नवा पत्ता देऊन मोकळा होतो. काल १९२.१६८.१.५ असलेला डबा आज १.९वर राहायला गेलेला असतो आणि लॅपटॉप जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतो. यावर उपाय सोपा: राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डब्याचा पत्ता कायमचा राखून ठेवायचा. नानांनी तो केला, आणि नंतर आठवडाभर हळहळले. हातची केस गेली.

दुसरी केस केबलची. बॅकअप होत होता, पण रांगत. एक टेराबाइट माल गिगाबिट वेगाने अडीच-तीन तासांत उतरायला हवा, तो दिवस उलटला तरी संपेना. नानांनी सोफा हलवला, गालिचा उचलला, आणि दाराच्या फटीत चेपलेली केबल सापडली. आतल्या आठ तारांपैकी एक तुटली होती. गिगाबिटला आठही तारा लागतात. शंभर मेगाबिटला चारच पुरतात. म्हणून उपकरणं तक्रार न करता खालच्या वेगावर उतरतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. नानांनी क्रिंपिंगची पक्कड आणली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम त्यांना आता अथर्वशीर्षासारखा मुखोद्गत आहे. दोन टोकं वाया गेली. तिसरं बसलं.

सगळ्यात चिवट प्रकरण होतं साडेअकराचं. माईंचा लॅपटॉप रोज त्याच सुमारास बॅकअप अर्धवट टाकायचा. नानांनी विंडोजचं अपडेट तपासलं, फायरवॉल तपासली, डब्याचा पासवर्ड बदलला, एवढंच काय, राऊटर बदलला. शेवटी एका रात्री ते समोरच बसून राहिले. साडेअकराला मालिकेचा भाग संपला, माईंनी लॅपटॉपचं झाकण पाडलं आणि लॅपटॉप झोपी गेला. “अहो, झाकण नको का लावायला? धूळ बसते,” माई म्हणाल्या. वहीत त्या तारखेपुढे ‘कारण : घरगुती’ एवढीच नोंद आहे.

नानांना हसणं सोपं आहे, पण मुद्द्यावर ते हटत नाहीत, आणि मुद्दा त्यांचा बरोबर असतो. डब्यात दोन डिस्क आहेत, एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवर उमटतं, मग आणखी काय हवं, असं कुणी म्हटलं की ते जून २०१७ काढतात. नॉटपेट्या नावाचा घातकी प्रोग्रॅम तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीत शिरला. आपल्या न्हावा शेवा बंदरातलं त्यांचं टर्मिनलसुद्धा ठप्प झालं. कंपनीच्या नेटवर्कचा कारभार जगभर पसरलेल्या दीडशेच्या आसपास सर्व्हरांवर होता आणि ते सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवायचे. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब. गेले ते सगळे एकदम. वाचला तो घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथले दिवे गेले होते आणि सर्व्हर नेटवर्कवर नव्हता. त्या सर्व्हरची डिस्क घेऊन इंग्लंडला निघायचं तर घानातल्या कर्मचार्‍यांपैकी कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. मग एक जण विमानाने नायजेरियाला गेला आणि तिथल्या विमानतळावर त्याने ती दुसर्‍याच्या हाती सोपवली. “लोडशेडिंगने कंपनी वाचवली,” असं नाना म्हणतात तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या जावयाने नाव काढल्यासारखा खुलतो.

एका बाबतीत मात्र नाना कच्चे आहेत. बॅकअप घेतात, परत काढून कधी बघत नाहीत. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकून डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच तर्‍हा कागदावर होत्या आणि ऐनवेळी एकही धड चालेना. हे नानांनाही ठाऊक आहे. ते दुसर्‍यांना सांगायला त्यांना आवडतं. तिसर्‍या मजल्यावरची आयटीतली मुलगी एकदा म्हणाली, “काका, माझ्या लॅपटॉपवर तुमची एक फाइल काढून दाखवा ना.” नानांनी तोर्‍यात डबा जोडला. डब्याने पासवर्ड मागितला. सगळे पासवर्ड नानांनी एका फायलीत नीट लिहून ठेवले होते आणि त्या फायलीचा बॅकअप रोज रात्री इमानेइतबारे घेतला जात होता. त्याच कुलूपबंद डब्यात.

“काका, लॅपटॉप चोरीला गेला असता तर?”

नानांनी त्याच रात्री पासवर्ड बॉलपेनने कागदावर उतरवला. कागद ठेवायचा बँकेच्या लॉकरमध्ये, कारण सूत्रातली ‘घराबाहेरची’ डिस्कही तिथेच माईंच्या दागिन्यांशेजारी असते आणि दर तीन महिन्यांनी बदलली जाते. नाना सकाळीच निघाले. पुतण्याचं लग्न दोन दिवसांवर होतं म्हणून माईंनी जाताना दोनदा बजावलं. नाना बाराला परतले: कागद ठेवला, जुनी डिस्क काढली, नवी ठेवली, लॉकरच्या रजिस्टरवर सही केली, जुन्या सहकार्‍यांबरोबर चहाही झाला.

“आणि माझ्या पाटल्या?”

नानांनी खिसे चाचपले.

“बॅकअप झाला ना? मग आता रिस्टोअर करून आणा,” माई म्हणाल्या, “लॉकर चारला बंद होतो.”