उजेडाचा जमाखर्च

महसूल खात्यात उभा जन्म घालविलेल्या मनुष्याने निवृत्तीनंतर कॅमेरा विकत घेऊ नये, असे कोणतेही परिपत्रक माझ्या वाचनात आलेले नाही. तथापि माझ्या गळ्यात लोंबणारा तो काळा ऐवज कासा नाक्यावरील चहाच्या टपरीत प्रथम दृष्टीस पडला, तेव्हा तेथील मंडळींच्या मुद्रा पाहता, तसे परिपत्रक सत्वर निघावे अशी दरखास्त त्यांनी मनोमन दाखल केली असावी.

यंत्राबरोबर आलेली पुस्तिका, कुळकायद्याची कलमे पचविलेल्या माझ्यासारख्यास, मुळीच परकी वाटली नाही. प्रकाश आत घेण्याचा अखत्यार तीन अंमलदारांत वाटून दिलेला आहे: दार किती उघडावयाचे हे ॲपर्चर ठरवितो, किती वेळ उघडे ठेवावयाचे हे शटर, आणि आत आलेल्या उजेडाचे मोल किती धरावयाचे हे आयएसओ, यांपैकी एकाने सूट दिली की ती तूट दुसऱ्याने भरून काढावयाची. ॲपर्चरचे आकडे 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 असे चढत जातात आणि प्रत्येक पायरीस उजेड निम्मा होतो, म्हणजे आकडा जितका मोठा तितके छिद्र बारीक. हुद्दा चढत जातो तसतशी सही आखूड होत जाते, हे कचेरीत पाहिलेले असल्याने मला त्याचे नवल वाटले नाही.

भर उन्हात ॲपर्चर 16 वर ठेवावा आणि आयएसओ 100 असल्यास शटर सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास राखावे, हा छायाचित्रकारांचा जुना आडाखा आमच्या कासा-चारोटीच्या चैत्रातील उन्हास बिनतक्रार लागू पडतो. परंतु उजेडाचा हिशेब जुळणे आणि चेहरा बरा येणे ही दोन निराळी प्रकरणे आहेत. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेस सुरू होते, आणि त्या दिवसांत दुपारचा सूर्य जवळजवळ टाळूवर असल्याने भुवयांची सावली डोळ्यांवर व नाकाची मिशीवर पडून, देवदर्शनास आलेला निष्पाप गृहस्थ छायाचित्रात फरारी इसम म्हणून उतरतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे भर दुपारी फ्लॅश पाडून त्या सावल्या उजळणे. तो मी केला, तेव्हा शेजारचा बांगड्यांचा दुकानदार अत्यंत आदराने म्हणाला, ‘‘भाऊसाहेब, सूर्य कमी पडला का?’’ (याच यात्रेत वाघाडीचा पुजारी मध्यरात्री सुळक्यावर चढून ध्वज लावतो. त्या प्रसंगी तिन्ही अंमलदार एकदम रजेवर जातात, सबब त्याविषयी अधिक लिहीत नाही.)

खरा तंटा मात्र कॅमेऱ्याच्या पोटातील प्रकाशमापकाशी. जगातील यच्चयावत वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे गृहीत धरून हा इसम ताळा जुळवितो. काळी कोंबडी आणि पांढरा बगळा यांची नोंद तो एकाच रकान्यात करतो. ज्या डहाणू तालुक्यात गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रास जगापुढे नेले आणि 2011 साली पद्मश्री मिळविली, तेथे असा मापक घेऊन हिंडणे धोक्याचे आहे. गेरूने सारवलेली गडद भिंत दिसताच त्यास दया येते, तो उजेडाची भरघोस तगाई मंजूर करतो, आणि चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठात ओढलेल्या त्या नाजूक रेघा, तारपा वाजविणाऱ्यासकट, पांढऱ्या फटक होऊन फुगतात. अशा वेळी त्याचा हुकूम रद्द करून एक पायरी उणे करावी, म्हणजे गेरू गेरूच्या रंगाचा होतो.

पाड्यावरील घराच्या आत तर निराळाच कायदा. कुडाच्या भिंतींना खिडकी जवळजवळ नसतेच. तेव्हा मी पुतण्याच्या हाती विजेरी देऊन त्यास दारात उभे केले. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा नव्हे, चौथाई उरतो. मराठ्यांची चौथाई निदान एक हिस्सा उचलून तीन मागे ठेवी. येथे तीन हिस्से परस्पर जप्त होतात आणि त्यावर अपील चालत नाही. हे सर्व मी पुतण्यास समजावून देत असता, सुपात तांदूळ निवडीत बसलेली म्हातारी मान वर न करता म्हणाली, ‘‘पोरा, दार सोड. उजेड येऊ दे.’’

पुतण्या हटला, आणि दारातून आलेला तो मऊ उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावरून सुपात उतरला. दाराला पाठ नाही, तोंड नाही, कूस देऊन ती बसली होती. कारण तिरप्या उजेडात खड्याला सावली पडते व तो चटकन सापडतो. ज्या बैठकीसाठी पुस्तिकेने कोन, आकृत्या व छत्र्या खर्ची घातल्या, ती बैठक या बाईने खड्यांच्या तपासणीतून कधीच मुक्रर करून ठेवली होती. मी बटण दाबले व पडद्यावरील चित्र तिला दाखविले. सुरकुती न् सुरकुती वाचता येत होती. तिने ते बराच वेळ न्याहाळले.

‘‘ही मी,’’ ती म्हणाली. ‘‘भाऊसाहेब, आधार कार्डावर हा लावून द्या. तिथं दुसरीच कोण बसलीय.’’

ते काम आमच्या खात्याकडे येत नाही, असे मी सवयीने सांगून टाकले.